खरवडलेल्या नावाची रेकॉर्ड

रेबोलो वस्ती समितीच्या आणि आजच्या समारंभाच्या अध्यक्षा दोन्या नूबिया आर्रिएता, व्यासपीठावर आपल्या शेजारी बसलेले आणि एरवी कायम आपल्या समोर उभे राहिलेले प्रतिस्पर्धी ‘एल कोर्सारियो’चे सेन्योर विल्फ्रिदो आहुमादा, आजचे सत्कारमूर्ती आणि ‘एल पेलिकानो’ या आपल्या पिकोचे, भर रस्त्यात गाणी वाजवणाऱ्या ध्वनियंत्रणेचे, मालक सेन्योर तोरीबियो कासियानी, ज्यांना हे पूर्ण नाव फक्त दवाखान्यात ऐकू येतं, बाकी बार्रांकियाभर ते तोयो आहेत, ‘एल पेलिकानो’चे स्पीकर उचलणारे, वायर ओढणारे, रंग देणारे सगळे सहकारी, आणि सभागृहात जागा न मिळाल्यामुळे खिडक्यांपाशी उभे असलेले शेजारी,

मला दहा मिनिटं दिली आहेत. मी तंत्रज्ञ आहे, वक्ता नाही. त्यामुळे आधी काय घडलं ते क्रमाने सांगते आणि मग बोलते.

१. मार्च १९८३ मध्ये एका मालवाहू जहाजावरच्या स्वयंपाक्याने सेन्योर तोयोंना आफ्रिकेतून आणलेल्या अकरा रेकॉर्डी दिल्या.

२. सेन्योर तोयोंनी त्याच दिवशी अकराही रेकॉर्डींची लेबलं ओल्या फडक्याने आणि ब्लेडने खरवडून काढली. कव्हरं जाळली.

३. त्यातली एक रेकॉर्ड गेली चाळीस वर्षं फक्त ‘एल पेलिकानो’वर वाजते. वस्ती तिला ‘एनेइदाचा फ्रिज’ म्हणते. तिचं खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं.

४. या वर्षी २ ऑगस्टला मी ती रेकॉर्ड संगणकावर उतरवली. त्या वेळी ती कोणाची आहे हे शोधायचा रस्ता सापडला.

५. १९ सप्टेंबरला गायकाच्या मुलीचं पत्र आलं. तिच्याकडे ही रेकॉर्ड नाही. आम्ही दोघींनी जिथे जिथे विचारलं, तिथेही नाही.

६. मुलगी रेकॉर्ड मागत नाही. फक्त नक्कल मागते आहे.

७. नक्कल माझ्याकडे आहे. पाठवायला चाळीस सेकंद लागतात. मी पाठवलेली नाही, कारण होकार द्यायचा हक्क माझा नाही. तो सेन्योर तोयोंचा आहे.

घडलं ते एवढंच. आता बोलते.

इथल्या तरुण मुलांना हे कदाचित विचित्र वाटेल की एखाद्या माणसाने गाण्याचं नाव पुसावं. आज नवं गाणं कसं सापडतं? फोन सांगतो. काल तुम्हाला हे आवडलं, म्हणून आज हे ऐका. चार वर्षांपूर्वी मी सेन्योर तोयोंना ही सोय मोठ्या उत्साहाने समजावून सांगितली होती. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, की जे आवडलंय तेच पुन्हा द्यायला यंत्र कशाला लागतं.

आपल्याकडे गाणं ऐकायचं तर चालत जावं लागायचं. ज्या पिकोकडे ती रेकॉर्ड, त्या पिकोसमोर जाऊन उभं राहायचं. घराच्या भिंतीएवढे स्पीकर, त्यांवर रंगवलेला तो चोच उघडलेला पेलिकन, आणि छातीत शिरणारा आवाज. दुसरीकडे कुठेच ते गाणं मिळणार नाही, ही पेलिकानोची इभ्रत. आणि कोर्सारियोची. सगळ्यांचीच. म्हणून लेबल खरवडायचं. समोरच्याने नाव वाचलं तर तोही मागवणार. ही गोष्ट सेन्योर विल्फ्रिदो माझ्यापेक्षा चांगली सांगतील. त्यांनी फक्त या एका रेकॉर्डीसाठी केलेले प्रयत्न मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहेत आणि सांगायची परवानगी घेतली आहे. पहिल्यांदा त्यांनी आपल्या मेहुणीला नाचत नाचत रेकॉर्डप्लेअरपर्यंत पाठवलं. ती पोचली, वाकून बघितलं, आणि परत येऊन म्हणाली, ‘तिथे काहीच लिहिलेलं नाही, नुसतं टक्कल आहे.’ मग त्यांनी पॅरिसमधल्या एका चुलतभावाला टेलिफोनवर ती चाल शिट्टीने ऐकवली. तो भाऊ आफ्रिकी रेकॉर्डींच्या दुकानांमधून शिट्टी वाजवत फिरला. त्याने एकूण सतरा रेकॉर्डी पाठवल्या. सतराही चुकीच्या. पण त्यातली नववी रेकॉर्ड कोर्सारियोवर सहा वर्षं वाजली आणि तिच्यासाठी आपली अर्धी वस्ती पुलापलीकडे कोर्सारियोसमोर जात होती. तेव्हा चुकीचं गाणं शोधून काढणं ही सुद्धा एक रीत आहे आणि तिचा मान सेन्योर विल्फ्रिदोंचा आहे. कृपया टाळ्या त्यांच्यासाठीही वाजवा.

पण सेन्योर तोयो नाव पुसायचे ते फक्त कोर्सारियोला चकवण्यासाठी नाही. हे मला फार उशिरा कळलं. ते आधी लेबल काढायचे आणि मग रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकायचे. मी विचारलं, उलट का नाही? ते म्हणाले, नाव वाचलं की कान आळशी होतो.

त्यांची निवडीची पद्धत इथल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांना माहीत आहे, तरी नोंद राहावी म्हणून सांगते. त्यांच्या घराच्या मागच्या खिडकीत एक छोटा स्पीकर असायचा, तोंड सार्वजनिक नळाकडे. नळाला पाणी आलं की रांग लागायची. हे नवी रेकॉर्ड लावायचे आणि पडद्याआडून बघायचे. माणसांकडे नाही, बादल्यांकडे. ज्या गाण्याच्या नादात तीन बादल्या भरून वाहिल्या, ती रेकॉर्ड पेलिकानोवर. दोन वाहिल्या तर पुढच्या पाण्याला परत एकदा. एकही नाही, तर ती पेटीत. कोणाला आवडलं का, असं त्यांनी जन्मात विचारलं नाही. त्यांचं म्हणणं, विचारलं की माणूस शहाण्यासारखं बोलतो.

मी प्रयोगशाळेत दोन वर्षं काम केलेलं आहे. यापेक्षा कच्च्या पद्धती पाहिल्या आहेत.

‘एनेइदाचा फ्रिज’ पहिल्यांदा खिडकीतून वाजला तेव्हा बादली वाहिली असं म्हणता येणार नाही. बादली कोणी उचललीच नाही. पाणी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलं. आजच्या अध्यक्षांची बादली त्यात पहिली होती, आणि त्या दिवशी त्यांच्या आईने त्यांना काय म्हटलं ते सांगू नये अशी त्यांची सूचना आहे.

मग मे महिन्यात ती पेलिकानोवर लागली. दोन्या एनेइदा तेव्हा स्पीकरच्या शेजारी थंड पेयं विकायच्या. गाण्यातला खालचा सूर सुरू झाला आणि त्यांच्या फ्रिजचं दार आपोआप उघडलं. बाटल्या एकेक करून बाहेर आल्या. सेन्योर तोयोंनी रेकॉर्ड पुन्हा लावली. दार पुन्हा उघडलं. मी मोजलं आहे, तो सूर त्रेचाळीस हर्ट्झचा आहे आणि दाराचं रबर सैल असेल तर असं होऊ शकतं. दोन्या एनेइदा पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी मला सांगितलंय की त्यांचं म्हणणंही नोंदवलं जावं: रबर सैल नव्हतं.

तर असं नाव पडलं. आपण गाण्यांना त्या दिवशी जे घडलं त्याचं नाव दिलं. आपल्याला दुसरं नाव दिलंच नव्हतं.

मी एकोणीस वर्षांची असताना पेलिकानोच्या जळलेल्या ट्रान्सफॉर्मरसाठी आले. सेन्योर तोयोंनी विचारलं, काय बिघडलंय ते मीटर न लावता कानाने सांगता येतं का. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, ‘बरं झालं. कानाने सांगणारे मागच्या आठवड्यात तीन येऊन गेले.’ तेव्हापासून मी इथे आहे. नऊ वर्षांत त्यांनी माझ्या कामात एकदाही हात घातला नाही आणि मी त्यांच्या पेटीत. म्हणून गेल्या वर्षी त्यांनी स्वतःहून पेटीची किल्ली दिली, आणि डोळे आता सुई बघू देत नाहीत, सगळ्या रेकॉर्डी उतरवून ठेव, असं सांगितलं, तेव्हा मी ते काम सोपं समजले नाही.

त्या पेटीबद्दल एक वाक्य. बार्रांकियाच्या दमट हवेत चाळीस वर्षं जुनी रेकॉर्ड सहसा बुरशीने जाते. पेलिकानोच्या चारशे बारा रेकॉर्डींपैकी बुरशी लागलेल्या रेकॉर्डी चार. प्रत्येक रेकॉर्डीत टाल्कम पावडर लावलेला कागद, पेटीच्या तळाशी तांदळाच्या पुरचुंड्या, दर महिन्याला बदललेल्या. हे कोणी शिकवलं नव्हतं. मोठमोठ्या संग्रहालयांमध्ये काम करणाऱ्यांना मी हे आकडे दाखवले तर ते पुन्हा मोजायला सांगतील. मी पुन्हा मोजले आहेत.

‘फ्रिज’ उतरवून झाल्यावर मी तो फोनला ऐकवला. हल्ली गाणं ऐकवलं की फोन नाव सांगतो. बारा सेकंद ऐकून त्याने सांगितलं, सापडलं नाही. सेन्योर तोयोंनी पुन्हा ऐकवायला लावलं. मग म्हणाले, विल्फ्रिदोला बोलाव. सेन्योर विल्फ्रिदो आले आणि त्यांच्यासमोर फोन आणखी चार वेळा हरला. इतका आनंदी माणूस मी या वर्षी दुसरा पाहिला नाही. खरं सांगायचं तर दोन पाहिले. सेन्योर विल्फ्रिदोही हसत होते. त्यांचं म्हणणं, चाळीस वर्षं आपण ज्याच्याकडून हरलो त्याच्याकडून सगळं जग हरलं, म्हणजे आपली लाज थोडी कमी झाली.

तो आनंद तिथेच राहू द्यायला हवा होता का? मी याचा विचार केला आहे. पण मी भिंग घेऊन बसले होते आणि मला दिसलं ते दिसलं.

रेकॉर्डीवर लेबल आणि शेवटची खाच यांच्यामध्ये एक गुळगुळीत पट्टी असते. कारखान्यात तिथे एक क्रमांक कोरतात. सेन्योर तोयोंना हे माहीत होतं. ते खिळ्याने तोही मोडायचे. चारशे अकरा रेकॉर्डींवर दोन्ही बाजूंचे क्रमांक मोडलेले आहेत. ‘फ्रिज’वर एकाच बाजूचा. मी विचारलं. ते म्हणाले, त्या दिवशी नळाला पाणी लवकर आलं. रांग लागली, म्हणून खिळा टाकून ते खिडकीकडे धावले.

त्या क्रमांकावरून कारखाना, कारखान्यावरून दुकान, दुकानावरून एक बंदर. कोणत्या देशातलं ते सांगत नाही. सेन्योर विल्फ्रिदो, आपल्याबद्दल पूर्ण आदर आहे, पण आपण माझ्यापासून दीड मीटरवर बसला आहात.

त्या बंदरात गायकाची मुलगी राहते. पाचशे रेकॉर्डी निघाल्या होत्या. थोड्या विकल्या गेल्या, उरलेल्या गोदामाला आग लागली त्यात गेल्या. घरात जी होती ती युद्धात घर सोडताना राहिली. तिच्याकडे फक्त कव्हर आहे. आईने ते भिंतीवर लावलं होतं. वडील गेले तेव्हा ती आठ महिन्यांची होती. तिने विचारलं होतं ते जसंच्या तसं सांगते: ‘यात माझे वडील गातात, की नुसती गिटार वाजवतात? एवढंच कळवलंत तरी चालेल.’

इथे मी एक गोष्ट परवानगी न घेता केली. मी उत्तर दिलं. लिहिलं: गातात. दुसऱ्या बाजूला, तीन मिनिटं अकरा सेकंदांवर, एकदा हसतात.

तुम्हा सगळ्यांना ते हसणं माहीत आहे. त्या जागी आपण चाळीस वर्षं बाटलीवर बाटली वाजवतो. आपल्यातल्या कोणालाही माहीत नव्हतं की तो कोण हसतो. तिला माहीत नव्हतं की तो हसायचा.

मी सेन्योर तोयोंना तीनदा विचारलं. पहिल्या वेळी मी त्यांना गायकाचं खरं नाव सांगितलं. त्यांनी ते हळूच दोनदा म्हणून पाहिलं आणि मग हवेतल्या ओलाव्याबद्दल बोलू लागले. दुसऱ्या वेळी म्हणाले, की ती तिकडे लावेल, तिचा कोणी भाचा फोनवर टाकेल, आणि आठवड्यात ती कोर्सारियोवर वाजेल. मी म्हणाले, हो, तसंच होईल. खोटं बोलून काही उपयोग नव्हता. मी सेन्योर विल्फ्रिदोंनाही जाऊन विचारलं, नक्कल बाहेर आली तर तुम्ही लावाल का. ते म्हणाले, ‘त्याच संध्याकाळी. लावणार नाही म्हणालो तर तोयो मला ओळख दाखवणार नाही.’

दोन्या नूबियांचं मत वेगळं आहे आणि ते त्यांनी मला काल स्वयंपाकघरात स्पष्ट सांगितलं. ‘त्या मुलीबद्दल मला वाईट वाटतं, युरानिस. पण कार्निव्हल फेब्रुवारीत आहे. तोयो चालला सांता मार्ताला, लेकीकडे. तो गेल्यावर पेलिकानोकडे काय उरतं? हीच एक रेकॉर्ड. ती पण वाटून टाकायची?’ त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. ज्यांना तसं वाटतं ते या सभागृहात निम्मे तरी असतील.

तिसऱ्या वेळी, मागच्या सोमवारी, सेन्योर तोयोंनी फक्त विचारलं, ती किती वर्षांची आहे. मी म्हणाले, चाळीस.

‘म्हणजे रेकॉर्ड तिच्यापेक्षा मोठी,’ ते म्हणाले.

मी नकलेचं विचारायला लागले.

‘हे मला इथे वर्कशॉपमध्ये विचारू नकोस, पोरी. रेकॉर्ड माझी असेल, पण नाचले सगळे. उद्या कोणी म्हणायला नको की तोयोने चोरून देऊन टाकली. शनिवारी सगळ्यांसमोर विचार. विल्फ्रिदोसमोर पण. आणि तिथल्या तिथे उत्तर मागू नकोस. टाळ्या वाजत असताना माणूस काहीही बोलतो.’

म्हणून मी इथे उभी आहे. हा निरोपाच्या भाषणाचा विषय नाही असं कोणाला वाटत असेल, तर तो त्यांनीच निवडलेला आहे.

मला काय वाटतं हेही सांगायला हवं, नाहीतर मी फक्त आकडे सांगून खाली बसले असं होईल. सेन्योर तोयोंनी एका माणसाचं नाव खरवडून काढलं. हे खरं आहे. आणि त्या माणसाचा आवाज पृथ्वीवर ज्या एका ठिकाणी उरला, ते ठिकाण म्हणजे रेबोलोमधली त्यांची पेटी. हेही तितकंच खरं आहे. त्याच्या स्वतःच्या गावात तो जळाला आणि हरवला. इथे दर महिन्याला त्याच्याखालचे तांदूळ बदलले गेले. त्याची भाषा न कळता, त्याचं नाव न विचारता, आपण त्याला चाळीस कार्निव्हल वाजवलं. मी आजवर जितक्या यंत्रांवर काम केलं त्यातल्या एकानेही हे केलं नसतं, कारण कोणीही मागितलेलं नव्हतं, कोणाच्याही यादीत नव्हतं. बादल्या वाहिल्या, एवढाच पुरावा होता. मला या पेटीचा अभिमान आहे. पेलिकानोच्या वायरी जोडणारी मुलगी म्हणून माझी ओळख करून दिली जाते तेव्हा मी ती दुरुस्त करत नाही.

माझं मत पाठवावी असं आहे. पण माझं मत मोजायचं नाही.

सेन्योर तोयो, चव्वेचाळीस वर्षं तुम्ही आम्हाला जे ऐकवलं ते आम्ही दुसरीकडे कुठेही ऐकलं नसतं. त्याबद्दल आभार मानायला या सभागृहाला माझी गरज नाही. ते थोड्या वेळाने स्वतःच मानेल आणि ते माझ्यापेक्षा मोठ्याने मानेल. समितीने बोलायला वेळ दिला, मागच्या अंगणात सकाळपासून नारळाचा भात आणि मासे करणाऱ्यांनी मी थांबेपर्यंत वाट पाहिली, सेन्योर विल्फ्रिदो आपल्या विरोधकाच्या निरोपाला इस्त्रीचा शर्ट घालून आले, या सगळ्यांची मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही वर्षं किंवा तारखा चुकल्या असतील तर दुरुस्त करून घ्या. न विचारता त्या बाईला एक उत्तर दिलं, ती चूक वेगळी; तिच्यासाठी मी फक्त सेन्योर तोयोंची माफी मागते, आणि ती मिळावीच असा माझा आग्रह नाही.

आता प्रश्न, तुम्ही सांगितलंत तसा, सगळ्यांसमोर. शनिवारी, २ डिसेंबरला, त्या गायकाला जाऊन चाळीस वर्षं होतात आणि त्याचं कुटुंब एकत्र जमणार आहे. मुलीला त्याआधी काहीतरी कळायला हवं. सेन्योर तोयो, नक्कल पाठवायची की नाही, एवढंच मला शुक्रवार, २४ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत कळवा. मी वर्कशॉपमध्ये असेन. उत्तर आलं नाही तर ते नाही असं समजून मी तिला तसं लिहीन.